फोन त्यांच्याच हातात राहू द्यावा

ज्येष्ठांना मोबाइल आणि टॅब्लेट वापरायला शिकवण्याचे काम मी स्वयंसेवक म्हणून करते. या कामात 'आता या वयात डोक्यात शिरत नाही' हे वाक्य सतत कानावर पडते. घरच्यांकडून ते इतक्या वेळा ऐकलेले असते की ज्येष्ठांनाही ते खरे वाटू लागते. माझा अनुभव मात्र असा आहे की अडचण डोक्याची क्वचितच असते. ती बोटांची, डोळ्यांची आणि कानांची असते, आणि तिच्यावरचे बरेचसे उपाय त्याच फोनच्या सेटिंगमध्ये कोणी न उघडल्यामुळे पडून असतात.

टचस्क्रीनचेच पाहा. हल्लीच्या फोनचा पडदा दाब मोजत नाही, तर बोट टेकल्यावर विद्युतक्षेत्रात होणारा सूक्ष्म बदल टिपतो. वयानुसार त्वचा कोरडी पडत जाते, त्यामुळे हलका स्पर्श कधीकधी नोंदलाच जात नाही. मग माणूस साहजिकच जोर लावून, जास्त वेळ दाबतो, आणि जास्त वेळ टेकलेले बोट म्हणजे फोनच्या लेखी निराळीच आज्ञा असते. फोन बिघडल्याची तक्रार घेऊन आलेल्या एका काकांना मी मुलीला फोन लावून दाखवायला सांगितले. त्यांनी चिन्हावर अंगठा घट्ट टेकवला, तशी एक छोटी यादी उघडली. त्यांनी दचकून अंगठा बाजूला ओढला आणि त्याच्याबरोबर ते चिन्हही सरकत भलत्याच जागी जाऊन बसले. "बघा, रोज असंच पळतं," ते म्हणाले. अँड्रॉइडच्या सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटी (दिसणे, ऐकणे, स्पर्श सोपे करणाऱ्या सोयींच्या) विभागात 'स्पर्श करून धरून ठेवण्याचा' अवधी वाढवता येतो, आयफोनमध्येही स्पर्शासाठी अशीच सोय आहे. अवधी वाढवल्यावर आणि चिन्हांची मांडणी लॉक केल्यावर त्यांचा फोन 'दुरुस्त' झाला.

अक्षरे मोठी करायची हे सगळ्यांना सुचते, पण ती शेवटच्या टोकापर्यंत वाढवली तर काही ॲपमधली बटणे पडद्याबाहेर जातात, हे ध्यानात घ्यावे लागते. शिवाय वाढत्या वयात डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि फिकट करडी अक्षरे पार्श्वभूमीत विरून जातात, तेव्हा ठळक अक्षरे आणि जास्त कॉन्ट्रास्ट यांचा उपयोग नुसत्या आकारापेक्षा अधिक होतो. वरच्या पट्टीतले आवाज आधी ऐकू येईनासे होतात, म्हणून रिंगटोन खालच्या पट्टीतली निवडावी. तीस सेकंदांत विझणारा पडदा तर हमखास घात करतो, कारण संथपणे वाचणाऱ्या माणसाला मजकूर अर्ध्यावर गेला की आपल्याच हातून काहीतरी बिघडले असे वाटते.

यानंतर शिकवण्याची पाळी येते, आणि तिथे माझा एकच हट्ट असतो: फोन त्यांच्याच हातात राहिला पाहिजे. 'द्या इकडे, मी करून देते' म्हणून काम दहा सेकंदांत उरकते, पण पाहणाऱ्याच्या बोटांना त्यातून काहीही मिळत नाही. खरी अडचण काहीतरी कायमचे पुसले जाईल या भीतीची असते, म्हणून मी पहिला धडा परत येण्याचा देते: कुठलेही चिन्ह उघडा, मनाला येईल तिथे जा आणि मागे या. यासाठी परतीचे बटण डोळ्यांना दिसावे लागते. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून अनेक फोनमध्ये त्याच्या जागी कडेवरून बोट सरकवण्याची पद्धत आली असली, तरी सेटिंगमधून तीन बटणे सहसा परत आणता येतात. पायऱ्या वहीत लिहायच्या त्या त्यांनी स्वतःच्या अक्षरात आणि स्वतःच्या शब्दांत. एका आजींनी 'हिरवे चिन्ह, नातीचा फोटो, वरचा कॅमेरा' एवढेच लिहिले, आणि व्हिडिओ कॉलसाठी ते पुरेसे ठरले.

पिन टाकण्याची वेळ आली की मी मान वळवते आणि कोणी विश्वासाने ओटीपी वाचून दाखवू लागले तर त्यांना तिथेच थांबवते. फसवणारा माणूसही मदतीच्याच भाषेत बोलतो, आपल्या फोनचा पडदा त्याला दिसेल असे ॲप घ्यायला लावतो आणि 'फक्त आकडा सांगा' म्हणतो. माझ्यासारख्या ओळखीच्या मदतनीसालाही आकडा न सांगण्याची सवय लागलेली असली, तर फोनवरच्या त्या गोड आवाजाला नकार देणे त्यांना जड जात नाही.