न्यूगेट जळाल्यावर तीन दिवसांनी आलेलं चित्र

इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं ‘नो पोपरी, ऑर न्यूगेट रिफॉर्मर’ (पोपशाही नको, अर्थात न्यूगेटचा सुधारक) हे व्यंगचित्र आमच्या टेबलावर आलं ते लगद्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेलं, कडा पिवळ्या पडलेलं. छाप मूळ आहे का ते पाहायचं होतं आणि पुठ्ठा सोडवायचा होता.

हातात दंडुका घेतलेला दंगेखोर, मागे पेटलेला न्यूगेट तुरुंग. कॅथलिकांना सवलती देणाऱ्या १७७८ च्या कायद्याविरुद्ध लॉर्ड जॉर्ज गॉर्डनने २ जून १७८० रोजी लंडनमध्ये मोर्चा नेला आणि त्यातून आठवडाभर दंगल उसळली. ६ जूनला जमावाने न्यूगेट पेटवून कैदी सोडवले. चित्राखालच्या चार ओळी सांगतात, हा स्वतःला प्रॉटेस्टंट म्हणवतो, पण तोंड आणि दंडुका बघा. नाव धर्माचं, काम जाळायचं नि चोरायचं. पुस्तकात चित्र घेताना या ओळी कापतात, ते मला अजिबात पटत नाही. त्यांच्याविना उरतो नुसता एक गुंड.

दहापट भिंगाखाली रेषा अखंड होत्या, शाई कागदावर किंचित उठलेली. छायाचित्रावरून केलेल्या छपाईत तिथे ठिपक्यांची जाळी दिसते. तिरप्या उजेडात खालच्या बाजूला, छापताना कागदावर उमटलेला तांब्याच्या पत्र्याच्या कडेचा दाब सापडला. बाकी तिन्ही कडा कुणीतरी दाबाच्या आतून कापल्या होत्या.

रंग हाताने भरलेला. ओलसर बोळा टेकवताच दंगेखोराच्या फितीचा निळा टिपकागदावर उतरला, म्हणजे पाण्यात बुडवून धुणं बाद. चित्र पालथं घालून पुठ्ठ्याचे पदर चपट्या पात्याने एकेक सोलले, पातं कागदाला समांतर ठेवून. शेवटचा पदर कोरडा ओढायचा नाही. त्याबरोबर चित्राच्या कागदाचे तंतू निघतात आणि तो भाग कायमचा पातळ होतो. तिथे मिथाइल सेल्युलोजचा, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या खळीचा, घट्ट लेप दोन बोटं रुंद पट्ट्यांत लावला. सुमारे पंधरा मिनिटांत सरस फुगतो आणि पात्याने अलगद निघतो. सगळीकडे एकदम लेप लावला, तर कागद ताणून सुरकुततो आणि ओल पुढच्या रंगापर्यंत पोचते.

पुठ्ठा गेल्यावर खालून उजेड दिला. सुमारे अडीच सेंटिमीटर अंतरावरच्या उभ्या साखळीरेषा, म्हणजे कागद बनवायच्या साच्यातल्या तारांच्या खुणा, स्वच्छ उमटल्या. त्या काळच्या हातकागदाला साजेशा.

मला सर्वांत मोलाची वाटली ती आधी जुन्या माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, पट्टीखाली दबलेली प्रकाशनाची ओळ: ९ जून १७८०. १७३५ च्या कायद्याने हक्क राखायचा तर पत्र्यावर तारीख आणि मालकाचं नाव कोरणं भाग होतं, म्हणून ती तिथे आहे. इतक्या लवकर चित्र निघालं ते आम्लकोरणीमुळे. पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने रेखाटन, मग आम्लाने खाल्लेल्या रेषा. हे एक-दोन दिवसांत उरकतं. छिन्नीने कोरायला आठवडे गेले असते. त्याच ९ तारखेला गॉर्डनला पकडून टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात कैदेत टाकलं.

नव्या माउंटची खिडकी मी खालून मोठी कापली, ओळी आणि तारीख दोन्ही दिसतील इतकी. वर जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने; प्रदर्शनात उजेड ५० लक्सच्या आत.