सिएनात गाडी लावताना

आईचे गुडघे दुखतात. जेजुरीच्या पायऱ्यांना ती आता खालूनच हात जोडते. म्हणून इटलीत तिला सिएना दाखवायचं ठरलं तेव्हा मला घोर होता तो एवढाच, की गाडी किती आत नेता येईल? सिएना तीन टेकड्यांवर वसलेलं, तटबंदीतलं गाव. नकाशात पाच मिनिटांचं दिसणारं अंतर तिथे खडी चढण निघतं.

मुक्काम गावाबाहेर एका शेतघरात होता, गाडी भाड्याची. पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला होता; आपलं मूळ लायसन्सही सोबत लागतं. गाडी ताब्यात देताना काउंटरवरच्या माणसाने विमा सांगितला, डिझेल सांगितलं, पण झेडटीएलबद्दल चकार शब्द काढला नाही. याचा मला अजून राग आहे, कारण परक्या माणसाला फटका बसतो तो इथेच.

झेडटीएल म्हणजे ‘झोना आ त्राफिको लिमितातो’. जुन्या वस्तीत फक्त रहिवाशांच्या आणि परवानगी घेतलेल्या गाड्यांना प्रवेश. बहुतेक ठिकाणी ना फाटक, ना पोलीस. लाल कडेची पांढरी गोल पाटी आणि वर कॅमेरा. नंबरप्लेटचा फोटो निघतो, भाड्याची कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवते आणि त्या कामाचे पैसे दंडाव्यतिरिक्त तुमच्याच कार्डातून घेते. काही शहरांत विजेची पाटी असते, ‘वार्को अत्तिवो’. ‘अत्तिवो’ वाचून रस्ता चालू आहे असं वाटतं. अर्थ नेमका उलटा: कॅमेऱ्याचा नाका चालू आहे, आत येऊ नका. तुमचं हॉटेलच आत असेल, तर गाडीचा नंबर तुमच्यासाठी नोंदवून देतील का, हे आधी त्यांना विचारा. विचारल्याशिवाय आत शिरू नका.

एवढं वाचून गेलो, तरी फोनच्या नकाशात मी ‘पियाझ्झा देल काम्पो’ टाकलं, म्हणजे गावाचा मधला चौक. नकाशाने मुकाट्याने वेशीकडे नेलं. उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय नव्हती, लक्ष सगळं रस्त्यावर; ती गोल पाटी बायकोला दिसली. वेशीच्या अलीकडेच थांबलो. मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवू दिले, आणि जागा मिळताच गाडी वळवली. मग पत्त्यात चौकाऐवजी पार्किंगचं नाव टाकलं: सांता कातेरिना.

हे नाव शेतघराच्या मालकीणबाईंनी सुचवलं होतं. आईला चालताना त्यांनी पाहिलं होतं. सिएनाच्या तटाला लागून बरीच मोठी पार्किंगं आहेत, पण या पार्किंगपासून वर सरकते जिने जातात. ते बंद असले तर सगळी चढण पायी, म्हणून सकाळीच बाईंनी फोन करून चालू असल्याची खात्री करून घेतली. मी त्यांचा मनापासून ऋणी आहे.

आत शिरताना यंत्रातून तिकीट घेतलं आणि गाडीत न ठेवता पाकिटात ठेवलं. (रस्त्यावर लावायची झाली तर पट्ट्यांचा रंग पाहायचा: पांढरा फुकट, निळा पैसे भरून, पिवळा राखीव.) मग जिने. एक संपला की दुसरा, मग आणखी एक. हा फोंतेब्रांदाचा भाग. संत कातेरिना १३४७ साली इथेच जन्मली. आई कठडा धरून उभी होती, मागे मी. वर पोचल्यावर थोडंच चालायचं होतं, आणि समोर काळ्या-पांढऱ्या संगमरवरी पट्ट्यांचं कॅथेड्रल. आई म्हणाली, “अरे, मी दमलेच नाही!” दुपारी काम्पोच्या उतरत्या विटांवर, शिंपल्यासारख्या त्या चौकात, ती तासभर निवांत बसली.

परतताना गाडीत बसायच्या आधीच यंत्रावर पैसे भरायचे, मग त्याच तिकिटाने दांडा उघडतो. पावती मात्र मागून घेतली. परदेशात राहणाऱ्याला दंडाची नोटीस ३६० दिवसांपर्यंत पाठवता येते, त्यामुळे ती पावती आणि गाडीचे कागद अजून कपाटात, पासपोर्टांच्या शेजारी आहेत.