वेल्वेट वर्म शोधायला निघालात? मग आधी बोरिवलीच्या जंगलातले ओंडके बघा

पहिलंच सांगते, वेल्वेट वर्म, म्हणजे मखमली अंगाचा, अळीसारखा मऊ जीव, मुंबईत नाही मिळणार. भारतातला आपला वेल्वेट वर्म, टायफ्लोपेरिपॅटस विल्यमसनी, थेट अरुणाचलच्या सियांग खोऱ्यातला, १९११-१२ च्या मोहिमेत सापडला आणि नंतर शंभरहून जास्त वर्षं कुणाला दिसलाच नाही, आत्ता अलीकडे परत मिळाला. पण त्याला श्वासाची छिद्रं मिटता येत नाहीत, अंगातलं पाणी भराभर उडतं, म्हणून तो कायम ओल धरून दगडाखाली नाहीतर कुजक्या लाकडात राहतो, आणि असं ओलीवर जगणारं बरंच काही बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आहे, म्हणून आम्ही जुलैत तिथला शिलोंडा ट्रेल केला.

गाईडदादांनी एक कुजका ओंडका काठीने हळूच कलता केला तर खाली काळ्या पट्ट्यांचा चपटा किडा, डोकं अर्धचंद्रासारखं, एका गांडुळाला नुसता लपेटून बसलेला! गांडूळ वळवळतंय पण हा सुटत नाही, बराच वेळ आम्ही सगळे तिथेच उकिडवे बसलो. ग्रुपमधल्या एकीला वाटलं हाच वेल्वेट वर्म, पण याला पायच नसतात, वेल्वेट वर्मला आखूड जाड पायांच्या जोड्या असतात, टोकाला नखं, आणि तोंडाजवळून तो चिकट द्रव फवारून भक्ष्य अडकवतो. वाणी आणि गोम पण दिसल्या, वाणीला बहुतेक पेरांवर पायांच्या दोन जोड्या, गोमेला एकेकच, हे लक्षात ठेवलं की गडबड होत नाही. मखमली लाल मृगाचा किडा हवा असेल तर मात्र पहिल्या पावसातच जा.

जाणार असाल तर ट्रेलला गाईड आणि परवानगी लागते, नेचर इन्फर्मेशन सेंटरला आधी फोन करा, सोमवारी पार्क बंद असतं. बिबट्याचं जंगल आहे, गाईडला सोडून आत शिरू नका. ओंडक्याखाली हात अजिबात घालू नका, मण्यार, घोणस असू शकते, काठीने आपल्याच बाजूला कलवायचा म्हणजे साप असला तर पलीकडून निघून जातो. आणि प्लीज, बघून झालं की ओंडका होता तसाच, हळू, परत ठेवा, खालची ओल गेली की सगळं घरच मोडतं त्यांचं. डासांचं क्रीम कपड्यांवर लावा, हाताला लावून बेडूक-किड्यांना शिवू नका, त्यांच्या ओल्या कातडीला ते बाधतं. बूट घोट्याच्या वर येणारे घाला, वाट फार निसरडी असते.