तुम्ही विचारलंत म्हणून: ताराबाईंना तेव्हा लोक काय म्हणाले?

कार्यक्रम संपला की हमखास कुणीतरी चहाचा कप घेऊन येतंच, "ताई, ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक 1882 सालचं, एवढं जहाल लिहिलंय, मग तेव्हा लोक काहीतरी बोलले असतीलच ना, ते कुठे मिळेल?"

तेच शोधायला मीही आधी सरळ 1882 च्या पेपरांच्या फायली मागवल्या आणि बसले पानं उलटत. चार दिवस नाकात धूळ, हातात भोपळा. आणि पुस्तक स्वतःच एक उत्तर आहे हो! सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली, त्यावरून 'पुणे वैभव' या वृत्तपत्रानं सगळ्या बायकांवर तोंडसुख घेतलं, आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ते सव्याज परत केलं.

मग एका ग्रंथपालबाईंनी दाते-काळे-बर्व्यांची नियतकालिकांची सूची पुढ्यात टाकली, म्हणाल्या आधी कोणकोणते पेपर निघत होते ते तरी बघ. पुस्तकाच्या नावानं शोधू नकोस, 'पोच' (म्हणजे आलेल्या पुस्तकांची नोंद) आणि 'अभिप्राय' वाच, पत्रव्यवहार वाच, आणि हो, शके 1804 म्हणजे 1882-83 हे डोक्यात ठेव. एका मासिकाचा अख्खा खंड मिळाला, पण बांधणाऱ्यानं प्रत्येक अंकाचं रंगीत कव्हर फाडून टाकलेलं, आणि पोच नेमकी तिथेच छापायचे. मला रडूच यायचं बाकी होतं.

जे मिळालं ते परीक्षण नव्हतंच. जोतिराव फुल्यांच्या 1885 च्या 'सत्सार' या पुस्तिकेच्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतलीय. बाजू घ्यावी लागली म्हणजे कुणीतरी नावं ठेवली होती, हे उघडच आहे ना? त्या पुस्तिकांमधला मोठा गलका पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्याचा, त्यामुळे ताराबाई तिथे असतील असं मला सुचलंच नव्हतं. बरं, हे सगळं फुल्यांच्या समग्र वाङ्मयात छापलेलं, आणि तो ग्रंथ कित्येक वर्षं माझ्याच कपाटात, वर इस्त्रीचे कपडे!

त्यानंतर पुस्तक जवळजवळ विसरलंच गेलं, 1975 ला स. गं. मालश्यांनी ते पुन्हा छापून आणलं तेव्हा कुठे लोकांना कळलं. पण प्रतिक्रिया तीन वर्षांनी येऊ शकते तर चार वर्षांनीही येईल की, म्हणून आता 1886 च्या फायलीची चिठ्ठी भरून दिलीय, सोमवारी काढून ठेवतो म्हणालेत.