लिंबची बारा मोटांची विहीर: जाण्याआधी आणि पोहोचल्यावर

पुण्याकडून निघून आनेवाडीचा टोलनाका ओलांडला की साताऱ्याच्या अलीकडे लिंब फाटा लागतो. तिथून लिंब गाव, आणि गाव सोडून शेरी लिंबच्या शिवारात ही विहीर. शेवटचा रस्ता अरुंद आहे. गळीत हंगामात समोरून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला तर मागे घ्यायची पाळी आपल्यावरच येते, म्हणून मोठी गाडी आत घालू नये. साताऱ्याहून एसटीने येणार असाल तर परतीची गाडी कधी, ते गावात उतरताच विचारून घ्या.

बहुतेक लोक आले की थेट जिना उतरतात, आतल्या महालात फोटो काढतात आणि निघतात. त्यात निम्मी विहीर राहून जाते. आधी वरून काठाने फेरी मारा. अष्टकोनी मोठी विहीर, तिला जोडलेली लहान चौकोनी विहीर आणि मधे महाल, हा आकार वरूनच कळतो. गावकरी त्याला शिवपिंडीचा आकार म्हणतात आणि वरून पाहिलं की ते पटतंही. व्यास सुमारे ५० फूट, खोली सुमारे ११० फूट. शिलालेखातला काळ शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४. बांधणाऱ्या विरूबाई भोसले, साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या परिवारातल्या.

काठावर मोटांच्या, म्हणजे बैलांकरवी पाणी वर ओढायच्या चामडी पिशव्यांच्या, जागा शोधा आणि स्वतः मोजा. इथे मोटेचं गणित ठाऊक असेल तर दगड बोलायला लागतात. मोटेला दोन दोर: तोंडाशी जाड नाडा, तो वरच्या चाकावरून जातो, खालच्या सोंडेला, म्हणजे पाणी ओतायच्या निमुळत्या नळीला, बारीक सोंदूर, तो काठाशी असलेल्या रुळावरून. बैल धावेवरून, म्हणजे काठापासून निघणाऱ्या उतरत्या वाटेवरून, उताराला चालतात, त्यामुळे ओढीला त्यांचं वजनही लागतं. मोट वर येईपर्यंत सोंदूर सोंडेचं तोंड वर धरून ठेवतो. काठाशी आल्यावर मोट चाकाकडे उचलली जाते, सोंड थारोळ्याकडे, म्हणजे काठावरच्या कुंडाकडे, ओढली जाते आणि पाणी भसकन थारोळ्यात, तिथून पाटात. सगळी मेख दोरांच्या लांबीत. सोंदूर सैल राहिला तर सोंड लोंबते आणि पाणी वाटेतच विहिरीत परत सांडतं. धाव साधारण पाणी जितकं खोल तितकी लांब लागते. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बैलांची खेपही लांबते. बारा मोटा एकदम चालवायच्या तर कमीत कमी २४ बैल, म्हणून विहिरीभोवती मोकळी जागा हवीच.

हे पाणी आमराईला जायचं. ३३०० आंब्यांची झाडं होती असं सांगतात. महालात खलबतं चालायची, असंही सांगतात. असतील, पण भर उन्हाळ्यात त्या जागेतला गारवा अनुभवला की तिथे बसायला खलबतांचं निमित्त लागत नाही.

खाली उतरताना पायऱ्या बघून. पावसाळ्यात शेवाळ धरतं, गुळगुळीत तळव्याची चप्पल तिथे हमखास दगा देते. मोटांच्या जागी काठाला कठडा नाही. मूल हाताला धरूनच ठेवा आणि सेल्फीसाठी उलटं चालू नका. आतलं कोरीवकाम उजेड तिरपा असेल तेव्हा उठून दिसतं, जिन्यात मात्र टॉर्च हवाच. पोहायला उतरू नये. भोवतालचं शिवार पिकाचं आहे, पाट ओलांडताना त्याचा बांध फोडू नका.

वेळ असेल तर लिंब-गोव्याचं कोटेश्वर मंदिरही करा. ते कृष्णेच्या पात्रातच आहे. नदीवर वरच्या अंगाला धोम धरण असल्याने इथे पाऊस नसतानाही विसर्गामुळे पाणी चढू शकतं. पावसाळ्यात आधी गावात विचारा, आणि पाणी गढूळ होऊन वाढताना दिसलं तर दर्शन काठावरूनच घ्या.