त्यांचा कैवार घेणारा

आजच्या वाचनात बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पन्नासावा अध्याय होता. तेहेतिसाव्या वचनापाशीच थांबले. इस्राएल आणि यहूदा या दोन्ही राज्यांतले लोक जुलमाखाली भरडले जाताहेत, आणि ज्यांनी त्यांना बंदिवासात नेलं ते त्यांना सोडायला मुळीच तयार नाहीत. आडपडदा न ठेवता जुलमाला जुलूम म्हटलंय. आणि लगेच पुढचं वचन: त्यांचा उद्धारकर्ता समर्थ आहे, सेनाधीश परमेश्वर त्याचं नाव, तो त्यांचा कैवार घेईलच. धरणाऱ्याची मूठ घट्ट आहे हे आधी कबूल करून मगच हे म्हटलंय, म्हणून मला ते खरं वाटतं.

मोशेच्या नियमशास्त्रात असा उद्धारकर्ता, म्हणजे सोडवणारा, हा घरचाच माणूस असतो. लेवीय 25 मध्ये आहे तसं, कर्जापायी भावाने जमीन विकली तर जवळच्या नातलगाने ती सोडवायची. भाऊ स्वतःच विकला गेला तर त्यालाही. पण विधवा रूथच्या गोष्टीत, तिला सोडवायला पुढे आलेल्या बवाजाहून जवळचा एक नातलग होता. वतनाला धक्का लागेल म्हणून गावातल्या दहा वडीलधाऱ्यांसमोर त्याने अंग काढून घेतलं. माणसांचं असंच होतं. जो जवळचा असतो त्याला झेपत नाही, ज्याला झेपतं तो जवळचा नसतो. परमेश्वर मात्र या गांजलेल्या लोकांचा नातलग म्हणून उभा राहतो, आणि त्याला झेपतंही.

नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायातही हेच आहे, पण तिथे ते जुलूम करणाऱ्याला सुनावलंय. जुनी मेर सरकवू नको, पोरक्यांच्या शेतात शिरू नको, कारण त्यांचा उद्धारकर्ता समर्थ आहे. ज्याला वाटतं की या पोरांना विचारणारं कोणी नाही, त्याच्यासाठी ही ताकीद आहे.

हे सगळं मी ताईंसाठी वाचतेय. आमच्या प्रार्थनेच्या गटात येतात. त्यांच्या मालकाने कित्येक महिन्यांचा पगार अडवून ठेवलाय. वर, सोडून गेलीस तर एक पैसाही मिळणार नाही, अशी धमकी. 'देव बघतोय ना?' असं त्या मला विचारतात तेव्हा पटकन 'हो' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बघतोय हे मी मनापासून मानते. पण कधी, हे मला सांगता येत नाही.

कारण यहूदाला बंदिवासात नेणाऱ्या बाबेलविषयीचं हे भविष्य यिर्मयाने गुंडाळीत लिहून, तिकडे निघालेल्या सराया नावाच्या अधिकाऱ्याच्या हाती दिलं, ते यहूदाचा राजा सिद्कीया याच्या चौथ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. 593 च्या सुमारास. बाबेलात ते वाचायचं आणि धोंडा बांधून फरात नदीत टाकायचं. तेव्हा बाबेल ऐन भरात होतं. यरुशलेम तर त्यानंतर पडलं, 586 च्या सुमारास. बाबेल पारसाचा राजा कोरेश याच्या हाती गेलं 539 मध्ये. मधल्या काळात किती आया वाट बघता बघता गेल्या असतील! त्या अविश्वासू होत्या असं म्हणायला मी धजणार नाही.

यिर्मयाला स्वतःला चिखलाच्या विहिरीत सोडलं होतं. त्याला बाहेर काढलं एबद-मलेखाने, राजवाड्यातल्या कूशी, म्हणजे कूश देशातून आलेल्या परक्या सेवकाने. तो आधी राजाकडे गेला, हा अन्याय आहे असं तोंडावर सांगितलं. मग भांडारातून फाटक्या चिंध्या आणल्या आणि त्या काखेत धरायला सांगितल्या, दोरीने काचू नये म्हणून. ओढून काढणाऱ्याला काखेची काळजी होती! परमेश्वराचं सोडवणं अनेकदा असं कोणाच्या तरी हातून येतं, असं माझं ठाम मत आहे. ताईंना नुसतं 'विश्वास ठेवा' म्हणणाऱ्यांचा म्हणूनच मला राग येतो.

उद्या त्यांच्यासोबत तक्रारीचा अर्ज द्यायला जायचंय. हजेरीचे कागद एकत्र लावून ठेवलेत. अर्ज मी लिहिलाय, सही त्यांची. निघण्याआधी दोघी मिळून चौतिसावं वचन मोठ्याने वाचणार आहोत, आणि त्या मालकासाठीही प्रार्थना करणार आहोत. ती ताईंनीच सुचवली.