तिकीट न काढता पाहिलेले लंडन

लंडनमध्ये मुलांना घेऊन एक दिवस बाहेर काढायचा म्हणजे खिसा मोकळा करण्याची तयारी ठेवावी लागते. टॉवर ऑफ लंडन असो, प्राणिसंग्रहालय असो की थेम्सकाठचा तो प्रचंड पाळणा असो, चौघांच्या तिकिटांचे पौंड मनातल्या मनात रुपयांत करून पाहिले की नव्याने आलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, आणि इथे वर्षानुवर्षे राहूनही ही सवय पूर्णपणे सुटत नाही. अशा या शहरात ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्ट्री म्युझियम, सायन्स म्युझियम, व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि टेट मॉडर्न ही जगप्रसिद्ध ठिकाणे मात्र, पासपोर्ट कोणत्याही देशाचा असो, सर्वांना विनामूल्य पाहता येतात. पुण्याहून येणाऱ्या नातेवाइकांना हे सांगितले की "आत गेल्यावर काहीतरी घेतच असतील" ही शंका हमखास येते. दाराशी देणगीची पेटी असते हे खरे. परंतु तिच्यात काही टाकायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

या सोयीमुळे पैसे वाचतात, हे उघडच आहे. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे हे, की तिकीट नसले म्हणजे संग्रहालय पाहण्याची रीतच बदलते. तिकीट काढले की ते वसूल करण्याची जबाबदारी आई-वडिलांच्या डोक्यावर येऊन बसते. मग एकही दालन चुकू नये म्हणून दमलेल्या, भुकेल्या मुलांना ओढत न्यायचे, "बघ, हे बघ" असे म्हणत राहायचे आणि संध्याकाळी सगळ्यांनीच चिडून घरी परतायचे. प्रवेश मोफत असेल तर एका वस्तूसाठी जाता येते, ती पाहून तासाभरात बाहेर पडता येते, आणि मुलाने एकाच काचेच्या पेटीसमोर अर्धा तास फतकल मारली तरी कोणाचे काही बिघडत नाही.

ही व्यवस्था अनादी काळापासून चालत आलेली नाही. ब्रिटिश म्युझियम १७५३ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाले, १७५९ मध्ये उघडले आणि तेव्हापासून ते जिज्ञासूंना विनामूल्य खुले होते, हे बरोबर. पण इतर संग्रहालयांचे धोरण सरकारांप्रमाणे बदलत गेले. १९७४ च्या सुरुवातीला राष्ट्रीय संग्रहालयांना शुल्क लावण्यात आले आणि सत्तांतर होताच काही महिन्यांतच ते मागे घेतले गेले. पुढे १९८० च्या दशकात सरकारी अनुदान अपुरे पडू लागल्यावर नॅचरल हिस्ट्री म्युझियमने १९८७ पासून तिकीट सुरू केले आणि इतरांनीही तोच मार्ग धरला. नंतर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने आधी मुलांना, मग साठीच्या पुढच्यांना आणि अखेर १ डिसेंबर २००१ पासून सर्वांनाच प्रवेश मोफत केला. यात एक मेख करांची होती. शुल्क न घेणारी संस्था 'व्यवसाय' करत नाही, असे मूल्यवर्धित कराचा नियम मानत असे. त्यामुळे तिला खरेदीवर भरलेला कर परत मिळत नसे आणि फुकट प्रवेश देणाऱ्यालाच भुर्दंड बसे. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात हा नियम दुरुस्त झाला, तेव्हा कुठे दारे खऱ्या अर्थाने उघडली. पूर्वी तिकीट घेणाऱ्या संग्रहालयांतील भेटींची संख्या पुढच्या दहा वर्षांत अडीच पटींच्या आसपास गेली. परदेशी पर्यटकांकडून तरी शुल्क घ्यावे, ही सूचना इथे अधूनमधून डोके वर काढते; आपल्याकडे ऐतिहासिक वास्तूंवर परदेशी पाहुण्यांसाठी वेगळा, मोठा दर असतो हे ठाऊक असल्यामुळे मला त्या वादात फार तावातावाने बोलता येत नाही.

मुले लहान असतील तर सुरुवात साऊथ केन्सिंग्टनपासून करावी. भुयारी रेल्वेच्या स्थानकातूनच एक जुना पादचारी बोगदा थेट संग्रहालयांच्या दिशेने जातो, त्यामुळे पाऊस असला तरी फारसे भिजावे लागत नाही. अकरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांसोबत या रेल्वेने फुकट प्रवास करता येतो, ही माहिती पाहुण्यांना आधीच द्यावी, कारण ती ठाऊक नसल्याने लोक उगाचच मुलांचीही तिकिटे काढून बसतात.

नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये सगळे डायनोसॉरसाठी धावतात. ते साहजिक आहे, पण माझे मन इमारतीतच अधिक रमते. आल्फ्रेड वॉटरहाऊस या वास्तुविशारदाने उभी केलेली ही वास्तू १८८१ मध्ये खुली झाली आणि तिच्या भाजलेल्या मातीच्या भिंतींवर आत-बाहेर सगळीकडे प्राणी घडवलेले आहेत; पूर्वेकडच्या भागावर नामशेष झालेले आणि पश्चिमेकडच्या भागावर आजही जिवंत असलेले. मुख्य दालनातील कमानींवरून मातीची माकडे वर चढताना दिसतात. "माकडे शोधा" एवढेच मुलांना सांगावे. ती मान वर करून बराच वेळ गुंतून राहतात आणि त्या ओघात छतावर रंगवलेल्या वनस्पतीही पाहून होतात. त्याच दालनात २०१७ पासून निळ्या देवमाशाचा २५ मीटरहून लांब सांगाडा सूर मारण्याच्या पवित्र्यात टांगलेला आहे. ही मादी १८९१ मध्ये आयर्लंडच्या वेक्सफर्ड किनाऱ्यावर वाळूत रुतली होती. संग्रहालयाने तिला 'होप' असे नाव दिले आहे. जिन्याने वर जाऊन तिच्या जबड्याच्या समोर उभे राहिले म्हणजे तिच्या आकाराचा खरा अंदाज येतो. शाळेच्या सुट्ट्यांत मात्र इथे रांग रस्त्यापर्यंत येते. प्रवेश विनामूल्य असला तरी वेळ ठरवणारे मोफत तिकीट संकेतस्थळावरून आधी घेऊन ठेवावे.

शेजारच्या सायन्स म्युझियमविषयी थोडक्यात सांगायचे तर वाफेची इंजिने पाहावीत, तळमजल्याखाली छोट्यांसाठी असलेल्या खेळाच्या जागेत पाण्याशी खेळू द्यावे, कोरडे कपडे सोबत ठेवावेत आणि 'वंडरलॅब' नावाच्या दालनाला मात्र तिकीट आहे हे मुलांना त्या दारापाशी पोहोचण्यापूर्वी सांगून टाकावे. एकूणच मोफत प्रवेशाचा अर्थ कायमस्वरूपी संग्रह मोफत, असा घ्यायचा. विशेष प्रदर्शनांना पैसे पडतात आणि ते बरेच पडतात. बाहेर पडण्याच्या वाटेवर खेळण्यांचे दुकान थाटण्याची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला मुले नसावीत.

रस्त्यापलीकडचे व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्युझियम मराठी माणसाला आपल्याच घरच्या गोष्टी सांगू लागते. १८५१ च्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनानंतर, १८५२ मध्ये, कारागिरीचे शिक्षण जनतेला मिळावे म्हणून ही संस्था निघाली. तिच्या इमारतीच्या सजावटीवर तरुणपणी काम केलेले लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईला आले, जे. जे. कला विद्यालयात शिकवू लागले, आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावर आज दिसणारी दगडी शिल्पे त्यांच्याच हातची आहेत. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही १९७५ पर्यंत व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट याच नावाने ओळखले जाई.

इथल्या दक्षिण आशियाच्या संग्रहात टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आहे. जवळजवळ खऱ्या वाघाएवढा हा पशू एका गोऱ्या माणसाच्या छातीवर बसला आहे. त्याच्या पोटात भाते आणि नळ्या बसवलेल्या असून बाजूची मूठ फिरवली की माणसाचा हात वर-खाली होत असे आणि त्याच्या तोंडून कण्हण्याचा आवाज निघत असे. वाघाच्या कुशीतले झाकण उघडले की आत बाजाच्या पट्ट्या दिसतात. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर कंपनीच्या सैन्याने तो लुटून आणला, आणि ही 'लूट' मुलांना कशी समजावून सांगायची, हा प्रश्न इथे टळत नाही. आम्ही आडपडदा ठेवत नाही. "मग परत का देत नाहीत?" असे मूल विचारते, तेव्हा जवळच्या इंग्रज आजीही कान देऊन ऐकू लागतात. मराठी पाहुणे हमखास चौकशी करतात ती वाघनखांची. जेम्स ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट होते आणि त्यांच्या घराण्याकडून ती या संग्रहालयाकडे आली. जुलै २०२४ मध्ये ती तीन वर्षांच्या मुदतीवर महाराष्ट्रात पाठवण्यात आली आणि प्रथम साताऱ्यातच मांडली गेली. ही नखे अफजलखानाच्या वधातलीच, असे सिद्ध करता आलेले नाही, हे संग्रहालयाने स्वतःच नोंदवून ठेवले आहे.

एवढे पाहून झाले की मधल्या चौकात यावे. तिथे लंबवर्तुळाकार, घोट्यापर्यंत पाण्याचा तलाव आहे आणि उन्हाळ्यात तो मुलांनी फुललेला असतो. पहारेकरी काही बोलत नाहीत. काठावर डबा उघडून पोळी-भाजी खाणारी कुटुंबेही दिसतात. उपाहारगृहातल्या किमती पाहता तोच शहाणपणा आहे. थंडीत मात्र चौकात बसवत नाही, त्या दिवसांत डबा खाण्यासाठी शेजारच्या विज्ञान संग्रहालयात ठेवलेली जागा गाठावी. वृद्धांनी दाराशी घडीच्या स्टुलाची चौकशी करावी. पाहुणचारासाठी आलेल्या माझ्या सासूबाई ते काखेत घेऊन दालनभर ऐटीत फिरल्या.

ब्रिटिश म्युझियममध्ये रोझेटा शिळा आणि ममी यांच्याभोवती इतकी गर्दी असते की लहान मुलांना माणसांच्या पाठीच दिसतात. तिथे आंध्रातील अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पे शांतपणे पाहता येतात आणि जातककथा ठाऊक असलेल्या मुलांना त्यांत ओळखीचे काही सापडतेही. काचेच्या छताखालच्या प्रशस्त चौकाच्या मध्यभागी जो गोल वाचनकक्ष आहे, त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तासन् तास अभ्यासाला बसत असत.

चित्रे पाहायला मुले कंटाळतात, हा समज नॅशनल गॅलरीत एका चित्रापुरता तरी खोटा ठरतो. होल्बाइनने १५३३ मध्ये रंगवलेल्या 'द ॲम्बॅसडर्स' या भव्य चित्रात दोन श्रीमंत पुरुष उभे आहेत आणि त्यांच्या पायाशी एक विचित्र, तिरका, पांढुरका पट्टा आहे. समोरून पाहिल्यास त्याचा काही अर्थ लागत नाही. चित्राच्या उजव्या कडेला, भिंतीला लागून उभे राहून तिरके पाहिले की त्या पट्ट्याची हुबेहूब कवटी होते. मग मुले समोर जातात, पुन्हा कडेला येतात, अनोळखी माणसांनाही हात धरून ती जागा दाखवतात. हे चित्रसंग्रहालय ट्रॅफल्गर चौकात आहे त्यालाही कारण आहे: पश्चिमेकडचे श्रीमंत गाडीतून आणि पूर्वेकडचे गरीब पायी, असे दोघेही येऊ शकतील अशी ती जागा मानली गेली. पुढे शहराच्या धुराने चित्रे खराब होतात म्हणून ती बाहेर हलवावीत का, याची चौकशी झाली, तेव्हाही लोकांना पोहोचता येणे महत्त्वाचे ठरले आणि चित्रे जागची हलली नाहीत.

त्याच पूर्व भागात, बेथनल ग्रीन येथे, 'यंग व्ही अँड ए' हे खास मुलांसाठीचे संग्रहालय २०२३ मध्ये नव्या रूपात उघडले. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी मला तेच सर्वांत सरस वाटते, कारण तिथे "हात लावू नकोस" असे म्हणावे लागत नाही. त्याचा लोखंडी सांगाडा मुळात साऊथ केन्सिंग्टनचा. तिथून तो उचलून इथे आणला गेला. ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा तो कोट आहे, ज्याच्या डाव्या खांद्यावर गोळीचे भोक स्पष्ट दिसते. शिवाय जमिनीवर पसरलेला जगाचा एक भला मोठा नकाशा आहे, ज्यावरून मुले लंडनहून मुंबईला धावत जातात. विमानांचे वेड असणाऱ्यांनी हेंडनचे हवाई दलाचे संग्रहालय गाठावे. टेट मॉडर्न एका जुन्या वीजनिर्मिती केंद्रात आहे, आणि तिथली कला पटो न पटो, टर्बाइन हॉलच्या उतारावर लोळायला मुलांना फार आवडते.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी आणखी एक पत्ता लिहून ठेवावा: प्रिमरोझ हिलजवळचे १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब या घरात राहत असत. महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतले आणि २०१५ मध्ये तिथे स्मारक उघडण्यात आले. इथेही प्रवेश विनामूल्य आहे. घर लहान आहे, निवांत आहे, आणि मोठ्या संग्रहालयांच्या धबडग्यानंतर तिथे वाचायला, पाहायला मन लागते. नंतर मुलांना टेकडीवर सोडून द्यावे. वरून सारे शहर दिसते.

राहता राहिली नाताळची गोष्ट. भारतातून बरेच जण त्या सुट्टीत येतात, आणि २४ ते २६ डिसेंबर या दिवसांत वर सांगितलेली बहुतेक संग्रहालये बंद असतात. २५ तारखेला तर भुयारी रेल्वे आणि बसही धावत नाहीत. त्यामुळे संग्रहालयांचा बेत २७ नंतरचा आखावा आणि त्या दिवशी सकाळी दारे उघडण्याच्या वेळीच जाऊन उभे राहावे, कारण तीन दिवस घरात कोंडलेले सारे लंडन मुलाबाळांसह तिथेच येणार असते.